‘तिवरांपलीकडचा देश’ मी बाद केला

डोंबिवलीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून मी एकतीस वर्षं काढली. या अंकाच्या संपादकांनी मला वाचकांच्या गमतीजमती लिहायला सांगितल्यात. गमतींना तोटा नाही. एक काका कादंबरी नेण्याआधी शेवटचं पान वाचायचे आणि कुणी मेलेलं असेल तर पुस्तक गुपचूप परत ठेवायचे. एक बाई प्रत्येक पुस्तकात आपल्या नणंदेसारखं कोण आहे ते शोधायच्या आणि सापडलं की काउंटरवर येऊन मला पान नंबर सांगायच्या. असं पानं भरून लिहिता येईल. पण लिहायला बसले की दुसरंच पुस्तक समोर येतं. ते बाजूला सारून गमती सांगत बसणं मला आता जमणार नाही.

आधी कामाबद्दल थोडं सांगते. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे तारखेचे शिक्के मारणारी बाई. शिक्के मारतोच आम्ही. पण खरं काम दोन टोकांना असतं. पुस्तक आलं की रजिस्टरात त्याची नोंद करायची, त्याला क्रमांक द्यायचा. आणि पुस्तक निकामी झालं की त्याच नोंदीवर लाल शाईने रेघ मारायची. कागदोपत्री याला निर्लेखन म्हणतात, बोलताना आम्ही ‘बाद करणं’ म्हणतो. पहिलं काम सगळ्यांना आवडतं. दुसरं कुणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे असायचं, आणि मी ते चोख करायचे. आमच्याकडचा एक जुना कारकून बाद केलेली पुस्तकं घरी नेऊन बाहेर विकतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मीच कार्यकारिणीकडून ठराव करून घेतला होता. बाद झालेलं पुस्तक कर्मचाऱ्यांपैकी कुणीही घ्यायचं नाही, विकत नाही आणि फुकटही नाही. सगळं थेट लगद्याच्या कारखान्यात. त्या ठरावाचा मला फार अभिमान होता.

‘तिवरांपलीकडचा देश’ मला सापडलं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बालविभागाचं कपाट आवरताना. ठाण्यातल्या कुठल्याशा छोट्या छापखान्यात छापलेलं, कधीच दुसरी आवृत्ती न निघालेलं. मुलांसाठी मराठीत राजपुत्र, पऱ्या, राक्षस तेव्हाही पुष्कळ होते. पण एक अख्खा देश, त्याचा नकाशा, त्याचे कायदे, आणि एका पानाआड एक चित्र, अशी मुलांची सलग कादंबरी इतक्या जुन्या काळातली मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

गोष्ट अशी होती. चिंगी नावाची मुलगी खाडीच्या चिखलात एका निवटीच्या मागे धावत तिवरांच्या झाडीत शिरते. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा तो बोटभर मासा. पलीकडे एक देश आहे, पण फक्त ओहोटीपुरता. भरती आली की सगळं पुसलं जातं. घरं, रस्ते, कायदेसुद्धा. ओहोटीला प्रजा पुन्हा सगळं बांधायला घेते. निवट्या तिथल्या पोस्टमन. न्यायाधीश एक म्हातारी चिंबोरी, म्हणजे खेकडी, आणि ती तिरपी चालत असल्यामुळे तिचा एकही निकाल सरळ लागत नाही.

चित्रं पाहून मी खाली फरशीवरच बसलेले. तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं, चिंबोरीच्या नांगीवरचे बारीक काटे, ओहोटीच्या पाण्याने चिखलावर काढलेल्या नक्षीसारख्या रेघा. कुणीतरी हे सगळं रोज पाहिलेलं होतं, हातात धरलेलं होतं. पहिल्या पानावर लेखक म्हणून ठाण्याजवळच्या बाळकुमच्या शाळेतल्या एका गुरुजींचं नाव होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘चित्रे : एक विद्यार्थिनी’. ही विद्यार्थिनी कोण, याचा शोध मी कधी घेतला नाही. बाळकुम काही लांब नव्हतं. ते माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही.

पुस्तक मुलांच्या हातात फिरायला लागलं. दोनदा मी स्वतः ते शिवलं, खळ लावून पाठीला कापडाची पट्टी डकवली. मानसी नावाची तिसरीतली मुलगी ते सारखं न्यायची. बोलताना अडखळायची, म्हणून पुस्तकाचं नाव न सांगता नुसतं कपाटाकडे बोट दाखवायची. एकदा पुस्तक परत आलं तेव्हा अर्ध्या चित्रांत स्केचपेनने रंग भरलेले होते.

मी विचारलं, “मानसी, हे काय गं केलंस?”

ती बराच वेळ शब्द जुळवत उभी राहिली. मग म्हणाली, “काकू, ओहोटीत सगळं राखाडी असतं. मी भ-भरती आणली.”

खरं तर दंड लावायला हवा होता. मी पुस्तक तसंच कपाटात ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले. “मॅडम, तिचं स्कॉलरशिपचं वर्ष जवळ येतंय. तिला हे भलतंसलतं देऊ नका. सामान्यज्ञान द्या, व्याकरण द्या.” मी त्यांच्यासमोर मानसीच्या कार्डावर लिहिलं, ‘गोष्टीची पुस्तके देऊ नयेत.’ ती त्यानंतर तीन-चारदा आली, कपाटासमोर उभी राहिली आणि सामान्यज्ञान घेऊन गेली. मग यायची बंद झाली. पालकांचं ऐकायचं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं असताना कार्यकारिणीने बालविभागाची खोली अभ्यासिकेसाठी द्यायची ठरवली. स्पर्धा परीक्षांची, सीएची मुलं जागेसाठी रांगा लावत होती आणि बालविभागात दुपारभर पंखा एकटाच फिरत असायचा. आमचे कार्यवाह साठ्ये वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, “बाई, मला सांगा, मुलं येतात का? येत असतील तर मी खोलीला हात लावत नाही.” मुलं येत नव्हती. खोटं कसं सांगणार?

कपाटं निम्मी करायची म्हणजे पुस्तकं बाद करणं आलं. नियम माझाच होता. पाच वर्षांत कुणी नेलं नसेल किंवा पानं गेलेली असतील तर पुस्तक बाद. यादी मी केली, आठवडाभर खपून. ‘तिवरांपलीकडचा देश’ दोन्ही कारणांनी यादीत बसत होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘जीर्ण, रंगवलेले, चार पाने गहाळ’. पेन थांबलं होतं, हे कबूल करते. वाटलं, पिशवीत टाकावं आणि घरी न्यावं. पण मग त्या कारकुनात आणि माझ्यात फरक काय राहिला? साठ्यांना विचारलं असतं तर त्यांनी एका पुस्तकाला हो म्हटलं असतं. मला ते विचारायची लाज वाटली. दुसरी प्रत कुठेतरी असेलच, असं म्हणून मी रेघ मारली. गोणी भरल्या, टेम्पो आला, गेला.

आठ महिन्यांनी, गणपती होऊन गेल्यावर, एक म्हाताऱ्या बाई काउंटरवर आल्या. सोबत त्यांची सून होती. बाळकुमहून दोन गाड्या बदलून आलेल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि बोलताना मान जरा तिरकी करून उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या.

सून म्हणाली, “मॅडम, एक जुनं पुस्तक हवंय. ठाण्यात सगळीकडे विचारलं. एकाने सांगितलं, डोंबिवलीत तुमच्याकडे बघितलेलं. तिवरांपलीकडचा देश.”

माझ्या तोंडून आधी निघालं, “तुम्हाला कशाला हवंय?”

म्हाताऱ्या बाई हसल्या. “त्यातली चित्रां माजी हायेत, बाय.”

त्यांचं नाव हिराबाई. मी त्यांना आत बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. बाळकुमच्या कोळ्यांच्या घरातली मुलगी, सातवीपर्यंत शिकलेली. घरच्या भिंतीवर कोळशाने चिंबोऱ्या काढायची. शाळेतल्या गुरुजींनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, तू काढ, मी लिहितो. सकाळी आईबरोबर मासळी विकून आली की दुपारी ती काढायची आणि गुरुजी चित्र बघून पुढचं प्रकरण लिहायचे. तिरपी चालणारी न्यायाधीश तिच्याच डोक्यातली. पुस्तक छापायच्या वेळी वडील अडून बसले. लग्नाच्या पोरीचं नाव छापून गावभर करायचं नाही. म्हणून ‘एक विद्यार्थिनी’. पुढच्याच वर्षी लग्न झालं. त्यानंतर हातात पेन्सिल धरली ती पोरांच्या पाट्या लिहिण्यापुरती. जवळची एकुलती प्रत ट्रंकेत होती. एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि ट्रंकेसकट तिचा चिखल झाला.

“आता कशाला शोधताव बोलशील,” त्या म्हणाल्या. “डोल्यांत काचबिंदू हाय. डावा गेला. डाक्टर बोलला, उजवा पन जाईल, कवा ते सांगता येनार नाय. दिसतंय तवर एकदा बगायची हायेत.”

मग त्यांनी विचारलं, “पोरां वाचतात का गो?”

मी त्यांना मानसीची गोष्ट सांगितली, तिने रंग कसे भरले ती. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. “भरती आनली बोलली? तेवढीशी पोर?” सुनेकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. इतक्या खूश झाल्या त्या. आणि त्या तशा हसत असताना मी म्हटलं, “मावशी, पुस्तक सध्या बाहेर गेलंय. वाचकाकडे आहे. पंधरा दिवसांत येईल.”

का म्हटलं? लाज वाटली, हे एक. दुसरं, मला खरंच वाटलं होतं की पंधरा दिवसांत मी दुसरी प्रत उभी करीन. एकतीस वर्षांच्या ओळखी होत्या. पण खरं सांगून शोधायला कुणी मनाई केली नव्हती. ते मला तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं आणि नको वाटलं.

मी शोधायला लागले. ठाण्यातली, कल्याणातली वाचनालयं झाली. जुनी पुस्तकं विकणारे दोघे ओळखीचे होते, त्यांना सांगून ठेवलं. वर्तकनगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे जुन्या बालपुस्तकांचा संग्रह होता. तिला पुस्तक आठवत होतं, पण तिची प्रत भाचीने अमेरिकेला नेली आणि तिथे घर बदलताना ती कुठे गेली, ठाऊक नाही. पंधरा दिवसांनी हिराबाई आल्या. मी म्हटलं, “अजून आलं नाही. वाचक गावी गेलेत.”

“जाऊ दे गो,” त्या म्हणाल्या. “वाचतोय तो वाचू दे.”

शेवटी कळलं की गुरुजींचे चिरंजीव खडवलीला राहतात. मी रविवारी गेले. पासष्टीचे गृहस्थ, नदीजवळ छोटंसं घर. त्यांनी चांगलं स्वागत केलं. वडिलांच्या वहीवरून त्यांनी पूर्ण मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून घेतला होता. पुस्तक नव्याने काढायचं चाललं होतं. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले.

“आणि चित्रं?” मी विचारलं.

“त्यांचे छापायचे ठसे होते जस्ताचे. आई गेल्यावर घर आवरताना भंगारात दिले. छापलेली प्रत म्हणाल तर वाळवीने खाल्ली.” मग त्यांनी मोबाईल पुढे केला. “पण त्याचं काही अडत नाही. हे बघा. नातवाने एआयवर दोन मिनिटांत करून दिली.”

पडद्यावर एक निळंजांभळं जंगल होतं. तिवरं नव्हती, कुठल्या तरी परदेशी सिनेमातली झाडं होती. चिंबोरीला दोन्हीकडे मिळून तेरा पाय होते आणि ती दात काढून हसत होती.

“ज्यांनी मूळ चित्रं काढली त्या बाई हयात आहेत,” मी म्हटलं. “बाळकुमला असतात. निदान त्यांचं नाव तरी नव्या आवृत्तीत घाला.”

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. “अहो, बाबांनी कुणा शाळेतल्या पोरीकडून काढून घेतलेली ती. पुस्तक बाबांचं आहे. आता नाव घातलं की उद्या त्यांची मुलंबाळं येणार हक्क सांगायला. कशाला ते?” पुढे अगदी सौजन्याने म्हणाले, “चहा घेणार ना?”

तिथून परतताना मी ठरवलं, उद्याच बाळकुमला जाऊन सगळं सांगायचं. उद्या आमच्याकडे ऑडिटर आले. परवा दुसरं काही निघालं. दिवाळी आली. खरं असं आहे की मला जायचं नव्हतं, आणि न जायला रोज कारण मिळत होतं. असे आणखी पाच आठवडे गेले.

मग सुनेचा, सुगंधाचा फोन आला. “मॅडम, आईंना आता दिसत नाय. एका रात्रीत गेला उजवा डोळा. रोज विचारतात, पुस्तक आलं का. आलं असलं तर हातात तरी द्या त्यांच्या.”

त्या दुपारी मी गेले. बाळकुमचं जुनं गाव आता उंच इमारतींच्या मधे चेपून बसलंय. गल्लीच्या तोंडाशी सुगंधा उभी होती. हिराबाई दाराजवळ खाटेवर बसलेल्या, चेहरा उजेडाकडे. मी आत पाऊल टाकल्यावर म्हणाल्या, “कोन, लायब्ररीवाली बाय? आनलास?”

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. यादी मी केली, रेघ मी मारली, पुस्तक लगद्यात गेलं, वाचक-बिचक कुणी नव्हता. खडवलीला काय झालं तेही सांगितलं. सुगंधा दारात उभी होती, ती माझ्याकडे बघायची थांबली.

हिराबाईंनी विचारलं, “मी पयल्यांदा आलू तवा पुस्तक नवता?”

“नव्हतं, मावशी.”

“तुला ठावं होता?”

“हो.”

त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले. त्यांना पुस्तक गेल्याचं दुःख होईल, त्या रडतील, चिडतील, या सगळ्याची तयारी करून मी गेलेले. त्या अगदी हळू बोलल्या.

“तवा मना दिसत होता, बाय. या डोल्यानी. गनपतीपासून दिवालीपर्यंत दिसत होता. तू तवाच बोलली असतीस ना, पुस्तक नाय म्हनून, तर मी बसून परत काडली असती. सगली. एक पन इसरले नाय मी. सुगंधेनी कागद आनून दिलते, ते बग तिकडं हायेत. मीच बोलले, कशाला काडू, पुस्तक येतंय ना. छापलेला बगून काडू, म्हंजे चुकनार नाय.”

मी तिकडे पाहिलं. टीव्हीशेजारी ड्रॉइंगच्या कागदांचं मोठं पुडकं होतं, दुकानातून आणलेलं, दोरा न सोडलेला.

मला ‘माफ करा’ म्हणता आलं नाही. ते म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काही मागणं झालं असतं. हिराबाई सुनेला म्हणाल्या, “सुगंधे, बायला चा दे. लांबून आलीय.” सुगंधाने चहा आणला. मी तो प्यायले. निघताना मी त्यांच्या पायांना हात लावला, तर त्यांनी पाय वर ओढून घेतले. रागाने की नुसते दचकून, ते मला आजही सांगता येणार नाही.

सुगंधा गल्लीच्या तोंडापर्यंत आली. म्हणाली, “मॅडम, परत नका येऊ. तुम्ही आलात की त्यांना वाटतं, काहीतरी मिळालंय.”

पुढच्या महिनाअखेरीस मी निवृत्त झाले. अभ्यासिकेतली टेबलं बाजूला करून तिथेच निरोप समारंभ ठेवला होता. शाल, श्रीफळ, गुच्छ. साठ्ये फार छान बोलले, त्यांना मनापासून बोलायचं होतं. म्हणाले, “एकतीस वर्षांत बाईंच्या हातून आमचं एकही पुस्तक हरवलं नाही. प्रत्येक पुस्तकाचा हिशेब त्यांच्या रजिस्टरात आहे.”

खूप टाळ्या झाल्या. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना हात जोडले.